संध्याकाळची साखर : केमोथेरपी, मधुमेह आणि खांडबाऱ्याचा रुग्ण

सुरत–भुसावळ लोहमार्गावर नवापूर आणि नंदुरबारच्या मध्ये खांडबारा स्थानक लागते. सुरतेकडून येणाऱ्या गाडीतून इथे ऊसतोडीहून परतणारी कुटुंबे उतरतात, बाजारहाट करून आलेली माणसे उतरतात, आणि त्यांच्यातच कधी केमो घेऊन आलेला रुग्णही असतो. डोक्याला रुमाल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाईल. फाईलमध्ये त्या सकाळचा रक्ताचा कागद असतो आणि त्यावर उपाशीपोटीची साखर शंभराच्या आसपास लिहिलेली असते. घरचे निश्चिंत होतात. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर रुग्णाला तहान तहान होते, लघवीला सारखे जावे लागते, अंगात त्राण उरत नाही. घरात सगळे म्हणतात, केमोचा त्रास आहे, दोन दिवसांत उतरेल. त्या वेळी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पाहिले असते, तर साखर कदाचित तीनशेच्या घरात दिसली असती.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार या आदिवासीबहुल जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यात खांडबारा येते. कॅन्सरवर उपचार घ्यायचे तर इथल्या माणसाला सुरत, नाशिक किंवा थेट परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय गाठावे लागते. केमोची एक सायकल एकवीस दिवसांची धरली, तर त्यातले एक-दोन दिवस रुग्ण रुग्णालयाच्या नजरेखाली असतो आणि उरलेले एकोणीस-वीस दिवस घरी. केमोच्या काळातली साखर बहुतेक वेळा या घरच्या दिवसांत वाढते, तीही दुपारनंतर. मोजली मात्र जाते रुग्णालयात, सकाळी, उपाशीपोटी. वैद्यकशास्त्राने या प्रश्नाबद्दल गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरेच काही शोधले आहे. त्यातले किती खांडबाऱ्यापर्यंत पोचते आणि पोचण्यासाठी काय लागेल, हे तपासण्यासाठी हा आढावा आहे.

साखर वाढते कशाने

‘केमोने शुगर वाढते’ असे सरसकट म्हटले जाते. बहुतेक वेळा ती वाढवणारे औषध कॅन्सरच्या पेशी मारणारे नसते, तर त्याच्यासोबत दिले जाणारे डेक्सामेथासोन असते. वॉर्डात सगळे त्याला डेक्सा म्हणतात. हे स्टेरॉइड देण्याला चांगली कारणे आहेत. सिस्प्लॅटिनसारख्या औषधांनी होणारी भयंकर उलटी ते आवरते, पॅक्लिटॅक्सेल आणि डोसेटॅक्सेलची ॲलर्जी टाळते. लिम्फोमा आणि रक्ताच्या काही कॅन्सरांत तर स्टेरॉइड हाच उपचाराचा भाग असतो. लिम्फोमाच्या प्रचलित ‘चॉप’ पद्धतीत रुग्ण सलग पाच दिवस रोज १०० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन घेतो.

डोस किती मोठा आहे, हे समजायला कोविडचा काळ आठवावा. तेव्हा डेक्साचा प्रमाण डोस रोज ६ मिलिग्रॅम होता. २०२१ साली महाराष्ट्राने काळी बुरशी पाहिली, आणि बेसुमार स्टेरॉइड व अनियंत्रित मधुमेह एकत्र आले की काय होते हे घराघरांत कळले. केमोच्या दिवशी उलटी टाळण्यासाठी डेक्सा अनेकदा १२ मिलिग्रॅम दिले जाते. पॅक्लिटॅक्सेलच्या आधी काही पद्धतींत ते २० मिलिग्रॅमपर्यंत जाते. डोसेटॅक्सेलसाठी आदल्या दिवसापासून तीन दिवस, रोज १६ मिलिग्रॅम असा क्रम असतो. १२ मिलिग्रॅम डेक्सा म्हणजे सुमारे ८० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. एवढ्या स्टेरॉइडपुढे निरोगी स्वादुपिंडाचीही दमछाक होते.

बाकीची कारणे रुग्णागणिक बदलतात. मुलांच्या आणि तरुणांच्या ल्युकेमियात वापरले जाणारे ॲस्परॅजिनेज शरीरात इन्सुलिन तयार होण्यातच अडथळा आणते. ते स्टेरॉइडसोबत दिले की साखर दोन्हीकडून चढते. उलटीसाठी हल्ली वापरात आलेले ओलान्झापिनही साखर आणि भूक वाढवू शकते. स्तनाच्या कॅन्सरवरच्या अल्पेलिसिब या गोळीच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मुख्य चाचणीत जवळजवळ ६४ टक्के रुग्णांची साखर वाढली होती. इम्युनोथेरपी घेणाऱ्यांपैकी साधारण शंभरात एकाच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी कायमच्या नष्ट होतात. अशा रुग्णाला अचानक, काही दिवसांतच कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचण्याची जीवघेणी अवस्था) होऊन अतिदक्षता विभागात जावे लागू शकते.

एक कारण मात्र अगदी साधे आहे. ऑक्सॅलिप्लॅटिन हे आतड्याच्या कॅन्सरवरचे औषध मिठाच्या सलाईनमध्ये चालत नाही. ते पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यावे लागते. अशा अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते. मधुमेही रुग्णालाही ती टाळता येत नाही, म्हणून साखरेवर लक्ष ठेवावे लागते. पण गावी परतल्यावर ‘अशक्तपणा आलाय, बाटली लावा’ म्हणून लावलेले ग्लुकोजचे सलाईन नक्कीच टाळता येते. साखर तीनशेवर असलेल्या थकलेल्या माणसाला ग्लुकोजची बाटली चढवणे म्हणजे आगीत तेल ओतणे. थकव्यासाठी सलाईन लावण्याआधी बोटातून एक थेंब घेऊन पाहावे, एवढा नियम प्रत्येक खासगी आणि सरकारी दवाखान्याने पाळला तरी बरेच अनर्थ टळतील.

बारीक माणसालाही शुगर

खांडबाऱ्याकडचा रुग्ण बहुतेक वेळा बारीक, कष्टकरी. त्याला किंवा तिला पाहून मधुमेहाची शंका सहसा येत नाही. ही समजूत पुण्याच्या संशोधनाने केव्हाच मोडीत काढली आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त, म्हणून मधुमेह कमी वजनावरही गाठतो. पिढ्यानपिढ्यांच्या कुपोषणाचा मधुमेहाशी असलेला संबंधही आता मान्य झाला आहे. कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ साली ‘प्रकार पाच’ म्हणून स्वतंत्र ओळख दिली.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर–इंडियाब पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख मधुमेहपूर्व अवस्थेतले लोक आहेत. ग्रामीण भागातही प्रौढांमधले मधुमेहाचे प्रमाण ८.९ टक्के आढळले. म्हणजे केमोच्या खुर्चीत पहिल्यांदा बसणाऱ्या काही जणांना मधुमेह आधीपासूनच असतो आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. डेक्सा तो उघडा पाडते. पहिल्या केमोआधी प्रत्येकाची साखर तपासावी, मग कोणी कितीही बारीक असो, असे मार्गदर्शक सूचना सांगतात त्यामागचे हे कारण आहे.

मोजायची कधी

(पुढचे साखरेचे आकडे रक्ताच्या डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये आहेत.)

स्टेरॉइडने वाढणाऱ्या साखरेची चाल नेहमीच्या मधुमेहापेक्षा वेगळी असते. स्टेरॉइड स्नायूंना इन्सुलिनला दाद देऊ देत नाही, त्यामुळे जेवणातली साखर रक्तातच साचून राहते. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा साखरेवरचा परिणाम चार ते आठ तासांत शिगेला पोचतो. दुपारी आणि संध्याकाळी साखर चढते, रात्री ओसरते, पहाटे जवळजवळ जागेवर येते. डेक्साचा असर जास्त लांबतो, दीड-दोन दिवस टिकतो. डोस मोठा किंवा सलग असेल तर उपाशीपोटीचा आकडाही वाढतो. तरी दुपारनंतरचा चढ हे स्टेरॉइडचे ओळखीचे लक्षण आहे. उपाशीपोटीच्या एकट्या तपासणीवर विसंबलेला डॉक्टर आणि रुग्ण दोघेही फसतात.

स्टेरॉइड घेणाऱ्यांसाठी ब्रिटनमधल्या मधुमेहतज्ज्ञांच्या संयुक्त गटाने आखलेली पद्धत साधी आहे. मधुमेह नसलेल्या माणसानेही स्टेरॉइडच्या दिवसांत दिवसातून एकदा, दुपारच्या जेवणानंतर एक-दोन तासांनी किंवा संध्याकाळच्या जेवणाआधी, साखर पाहावी. ती सातत्याने १८० च्या खाली राहिली तर तपासणी थांबवता येते. १८० च्या वर गेली तर दिवसातून चार वेळा पाहावे. चोवीस तासांत दोनदा २१६ च्या वर आढळली तर औषध सुरू करावे. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांनी पहिल्या दिवसापासून चार वेळा पाहावे.

खांडबाऱ्याच्या घरात हे शक्य आहे का? ग्लुकोमीटर महाग राहिलेला नाही. पट्ट्यांचा खर्च मात्र जाणवतो. म्हणून निदान डेक्साचे तीन-चार दिवस, दुपारी चारच्या सुमारास एक पट्टी, एवढे ठरवले तरी निम्मी लढाई जिंकता येते. त्यात दोन खाचखळगे आहेत. बोटाला गूळ, फळ किंवा मोहाचा अंश लागलेला असेल तर आकडा खोटाच चढतो. म्हणून हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच टोचावे. दुसरे म्हणजे रक्त फार कमी असेल, म्हणजे हिमोग्लोबिन खूप उतरले असेल, तर पुष्कळ ग्लुकोमीटर खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवतात. घरचा आकडा आणि रुग्णाची तब्येत जुळत नसेल, तर प्रयोगशाळेत शिरेतून रक्त देऊन खात्री करावी.

तीन महिन्यांच्या सरासरीचा भ्रम

या प्रश्नाची सर्वांत कमी बोलली जाणारी बाजू नंदुरबारची आहे. मधुमेहाचा मापदंड म्हणून एचबीए१सी ही तपासणी जगभर चालते. हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजून ती गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. यात एक गृहीत धरलेले असते, की तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. भिल्ल, पावरा, मावची अशा समाजांच्या या पट्ट्यात सिकलसेलचा जीन मोठ्या प्रमाणावर आढळतो. काही समाजांत वाहकांचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक आहे. सिकलसेलच्या रुग्णाची तांबडी पेशी १२० दिवस जगत नाही; तिचे आयुष्य दहा-वीस दिवसांवर येते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि एचबीए१सी खोटेच कमी येते.

ज्यांना काहीच त्रास नसतो त्या वाहकांचे काय? २०१७ साली ‘जामा’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या अभ्यासात रक्तातली साखर सारखी असूनही सिकलसेल वाहकांचे एचबीए१सी सरासरीने ०.३ टक्क्यांनी कमी भरले. फरक छोटा वाटतो, पण निदानाच्या रेषेजवळ उभ्या असलेल्या माणसाला ‘मधुमेह नाही’ असा दाखला द्यायला तेवढा पुरतो.

वर केमोची भर पडते. केमोने रक्त कमी होते, रक्ताच्या पिशव्या चढवाव्या लागतात. दात्याच्या पेशी रुग्णाच्या साखरेचा इतिहास सांगत नाहीत. म्हणून केमो चालू असताना हा आकडा कोणाच्याही बाबतीत जपूनच वाचायचा असतो. त्याऐवजी सुचवली जाणारी फ्रुक्टोसअमाइनची तपासणी रक्तातल्या प्रथिनांवर अवलंबून असते, आणि कॅन्सरमध्ये खंगलेल्या माणसाचे अल्ब्युमिन उतरलेले असते. शेवटी भरवशाचा उरतो तो दुपारच्या थेंबाचा आकडा.

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. या तपासणीनंतर लोकांना कार्ड मिळते. केमोसाठी सुरतेला किंवा मुंबईला जाताना हे कार्ड फाईलमध्ये सर्वांत वर असायला हवे, कारण तिथल्या डॉक्टरला रुग्णाकडे पाहून सिकलसेल दिसत नाही. एचबीए१सीच्या पलीकडेही त्याचे महत्त्व आहे. साखर वाढली की लघवीवाटे पाणी जाते, शरीर कोरडे पडते, आणि कोरड्या शरीरात सिकलसेलच्या पेशी अडकून कळांचा झटका येऊ शकतो. मोठ्या डोसचे स्टेरॉइडही काही रुग्णांत असा झटका आणते. म्हणून साखर आणि सिकलसेल या दोन वेगळ्या फाईली ठेवून इथे भागत नाही.

वाढलेल्या साखरेने बिघडते काय

पुरावा काय सांगतो ते सरळ मांडले पाहिजे. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या २७८ प्रौढ रुग्णांचा अभ्यास २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३७ टक्के रुग्णांची साखर पहिल्या टप्प्यातच वाढली होती. त्यांना जंतुसंसर्ग जास्त झाले, आणि आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ इतरांच्या ५२ महिन्यांऐवजी २४ महिने भरला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ३,७५९ रुग्ण घेऊन झालेल्या विश्लेषणात (२००३) पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण मधुमेह्यांत ५७ टक्के आणि इतरांत ६६ टक्के होते. केमोने होणारे तीव्र जुलाबही मधुमेह्यांत अधिक. कॅन्सरच्या निदानाआधीपासून मधुमेह असलेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे ४१ टक्क्यांनी जास्त असल्याचे २००८ सालच्या एका एकत्रित विश्लेषणात आढळले.

हे सगळे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. जास्त आजारी माणसाची साखरही जास्त वाढते, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे त्यांतून पक्के ठरत नाही. साखर कडक आवळून कॅन्सरचा निकाल सुधारतो का, हे पाहण्यासाठी ल्युकेमियाच्या ५२ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत जोरकस इन्सुलिन पद्धतीचा आजार आटोक्यात राहण्याला किंवा आयुर्मानाला फायदा दिसला नाही. म्हणून ‘साखर उतरवली की कॅन्सर उतरतो’ असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही.

तरी साखर सांभाळायची ती रोजच्या जगण्यासाठी आणि केमो वेळेवर पुरी होण्यासाठी. पांढऱ्या पेशी उतरलेल्या दिवसांत वाढलेली साखर जंतूंना आणि बुरशीला वाव देते. सिस्प्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन आणि व्हिन्क्रिस्टिन नसांना इजा करतात; मधुमेहही तेच करतो. पायाला बधिरपणा आलेला माणूस शेतात अनवाणी गेला तर काटा रुतलेला त्याला कळत नाही आणि जखम चिघळते. केमोच्या काळात घरातही चप्पल घालावी आणि रोज रात्री दिव्याच्या उजेडात तळपाय पाहावेत, या सल्ल्याचे मोल इथे मोठे आहे. शिवाय पेट स्कॅनआधी साखर साधारण २०० च्या वर असेल तर पुष्कळ केंद्रे स्कॅन पुढे ढकलतात. रजा, मजुरी आणि गाडीभाडे खर्चून गेलेल्या कुटुंबाला रिकाम्या हाताने परत यावे लागते.

किती खाली आणायची

साखर जितकी खाली तितकी बरी, ही समजूत धोक्याची आहे. २००९ सालच्या ‘नाइस-शुगर’ चाचणीत अतिदक्षता विभागातल्या सहा हजारांहून अधिक रुग्णांमध्ये साखर ८१ ते १०८ अशी कडक ठेवलेल्यांचा मृत्युदर २७.५ टक्के आणि सैल ठेवलेल्यांचा २४.९ टक्के भरला. केमोचा रुग्ण कधी खातो, कधी ओकतो, कधी दिवसभर पेजेवर असतो. त्याच्यासाठी साधारण १०८ ते १८० हा पट्टा योग्य मानला जातो, आणि थोडे वर, २१६ पर्यंत गेले तरी चालवून घेतले जाते. आजार फार पुढे गेला असेल तर तहान आणि ग्लानी येणार नाही एवढीच साखर सांभाळायची. सुया टोचून माणसाला हैराण करायचे नाही.

खालची बाजू जास्त घाईची असते. ७० च्या खाली साखर गेली, हातपाय कापू लागले, घाम फुटला, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नये. थेट दवाखाना गाठावा.

गोळ्या आणि सुई

सर्वांत आधी विचारायचा प्रश्न असा : प्रत्येक डेक्साची गरज आहे का? उलटीवरची नवी औषधे आल्यापासून काही केमोंमध्ये डेक्सा फक्त पहिल्या दिवशी देऊन पुढच्या दिवसांचे डोस टाळता येतात. पॅक्लिटॅक्सेलच्या पहिल्या दोन खेपांत ॲलर्जी झाली नाही तर पुढे डेक्सा कमी किंवा बंद करण्याचे अनुभवही प्रसिद्ध झाले आहेत. टाटा मेमोरियलमध्ये झालेली आणि २०२४ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आलेली चाचणी सांगते, की उलटीसाठी ओलान्झापिनचा १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅमचा डोस कमी पडत नाही, आणि झोपाळूपणा कमी येतो. रोजंदारीवर जगणाऱ्या रुग्णांच्या देशात असा शोध फार मोलाचा आहे. हे निर्णय अर्थात कॅन्सरतज्ज्ञाचे. रुग्णाने स्वतः डेक्सा थांबवणे घातक ठरू शकते, विशेषतः स्टेरॉइड हाच उपचार असेल तेव्हा.

मेटफॉर्मिन स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळते, एकटे घेतले तर साखर फार पाडत नाही. पण जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले, मूत्रपिंड थकले किंवा स्कॅनसाठी कॉन्ट्रास्ट द्यायचे असेल तर डॉक्टर ते थांबवतात. ते कॅन्सरलाही रोखेल अशी आशा होती. स्तनाच्या कॅन्सरच्या ३,६४९ रुग्णांवरच्या २०२२ सालच्या चाचणीने ती खरी ठरवली नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या गावोगाव चालतात, पण रुग्ण जेवला नाही तर त्या साखर धोकादायक पाडतात. नव्या ‘ग्लिफ्लोझिन’ गटातल्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. उपाशी, ओकणाऱ्या माणसात त्यांनी साखर फार न वाढताही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो, म्हणून केमोच्या वाईट दिवसांत त्या बंद ठेवायला सांगतात. भूक मारणारी आणि मळमळ आणणारी जीएलपी-१ गटातली इंजेक्शने वजन उतरणाऱ्या रुग्णाच्या कामाची नाहीत.

डेक्साच्या चढाला सर्वांत चपखल बसते ते इन्सुलिन, तेही बहुधा सकाळी दिलेले मध्यम टिकाऊ एनपीएच. त्याचा जोर दुपारी, म्हणजे नेमका साखर चढते तेव्हा असतो. डोस वजनावर आणि स्टेरॉइडच्या प्रमाणावर ठरतो. जीवघेणी चूक पुढे होते. चौथ्या-पाचव्या दिवशी डेक्सा संपते, साखर आपोआप उतरते, आणि इन्सुलिन मात्र तेवढेच चालू राहते. त्यामुळे डॉक्टरने सुई कधी सुरू करायची हे सांगताना कधी कमी करायची आणि कधी थांबवायची, हेही त्याच कागदावर लिहायला हवे.

उन्हाळ्यात नंदुरबारचा पारा चाळिशीपार जातो. फ्रीज नसलेल्या घरात इन्सुलिनची वापरातली बाटली पाणी झिरपणाऱ्या मडक्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सावलीत ठेवता येते. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांनंतर टाकून द्यावी. अनेकांची धारणा असते, की सुई लागली म्हणजे आता शेवट. केमोतले इन्सुलिन पुष्कळांना फक्त काही महिन्यांपुरते लागते, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

ताटातले

जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले, की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज प्रचंड खातात. पेट स्कॅन याच तत्त्वावर चालतो. यातून ‘साखर बंद केली की गाठ उपाशी मरेल’ असा निष्कर्ष काढला गेला आणि घरोघर भात, भाकरी, फळे सगळे बंद झाले. शरीर स्वतःच ग्लुकोज बनवते. गाठ उपाशी राहत नाही, माणूस मात्र वाळत जातो. वजन उतरले की केमोचा डोस झेपत नाही.

नवापूर तालुक्यात ताट सांभाळायला जे लागते ते बरेचसे इथलेच आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली नवापूरची तूरडाळ, कुक्कुटपालनासाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यातली अंडी, उकाईच्या फुगवट्यातले मासे, शेंगदाणे, ताक, पालेभाज्या. भाकरी किंवा भात पूर्ण बंद करायचा नाही. थोडा-थोडा, दिवसातून पाच-सहा वेळा, दरवेळी डाळ किंवा अंड्यासोबत. डेक्साच्या दिवसांत दुपारचे ताट हलके ठेवावे, कारण चढाची वेळ तीच. साखरेचा चहा, गुळाचे पाणी, ‘ताकदीची’ पावडर आणि फळांचे रस हे त्या तीन-चार दिवसांत बाजूला ठेवावे. तोंड आलेल्या, फक्त पातळ गिळू शकणाऱ्या रुग्णाला मात्र पेजच द्यावी लागते, आणि तशा वेळी अन्न तोडण्यापेक्षा औषध जुळवून घेणे शहाणपणाचे. मळमळीसाठी गावठी दारू किंवा ताडी घेणे घातक आहे; इन्सुलिन किंवा गोळ्यांवरच्या उपाशी माणसाची साखर दारूने अचानक कोसळते. मशेरी आणि तंबाखू तर सोडायलाच हवी.

गाव आणि रुग्णालय

टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच्या भोवतीच्या धर्मशाळांत आजही राज्यभरातली कुटुंबे मुक्काम करून उपचार पुरे करतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने केमोचा खर्च पुष्कळांच्या आवाक्यात आणला. २०२५–२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रे काढण्याची घोषणा झाली. नंदुरबारला असे केंद्र नीट चालले तर खांडबाऱ्याच्या रुग्णाचा अर्धा प्रवास वाचेल. पण केमो जवळ आली तरी दुपारी चार वाजता रुग्ण घरीच असणार.

म्हणून खरा दुवा गावातच जोडायला हवा. आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीनंतरच्या सर्वांची मधुमेहाची तपासणी होते. ग्लुकोमीटर आणि पट्ट्या तिथे आधीच आहेत. आशाताई त्याच पाड्यावर राहते, मावची-भिलोरीत बोलते. केमोहून परतलेल्या माणसाच्या घरी तीन-चार दिवस दुपारनंतर एकेक पट्टी पाहणे हे तिला नवे काम म्हणून नाही, तर तिच्या चालू कामात ठरवून, मोबदल्यासह दिले पाहिजे. मात्र तिला कळायला हवे की कोणत्या दिवशी पाहायचे, कोणत्या आकड्याला काय करायचे.

यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. केमो देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने सुट्टीच्या कागदावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहाव्यात : डेक्सा किती आणि कोणत्या तारखेपर्यंत, साखर कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी पाहायची, किती आकड्याला कोणाला फोन करायचा, साखरेची गोळी किंवा सुई कोणत्या तारखेला थांबवायची. पाचवी ओळ गावच्या बाजूने भरावी : सिकलसेल आहे, वाहक आहे, की नाही. तीनशेच्या वर साखर आणि सोबत उलट्या, धाप किंवा ग्लानी, किंवा १००.४ अंश फॅरेनहाइटच्या वर ताप. यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता निघायचे, हेही त्याच कागदावर हवे.

खांडबाऱ्याच्या स्थानकावर उतरणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत आज सकाळचा एक आकडा असतो. त्याच पिशवीत उद्या हा कागद असला, तर दुसऱ्या दिवशी तहान लागल्यावर घरचे ‘केमोचा त्रास’ म्हणून गप्प बसणार नाहीत. हात धुतील, बोट टोचतील, आणि आकडा पाहून कोणाला फोन करायचा ते त्यांना माहीत असेल.